पायथ्याचे पाहुणे

उलुरूच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे एक पाटी उभी होती. धमकी देणारी नाही, दंडाचा आकडा सांगणारी नाही. आम्ही या जागेचे परंपरागत मालक आहोत, इथे चढणे आमच्या कायद्यात बसत नाही, तेव्हा कृपा करून चढू नका, एवढीच विनवणी तिच्यावर अनेक भाषांत केलेली होती. जवळच खडकात लोखंडी खांब ठोकले होते आणि त्यांना बांधलेली साखळी वर गेली होती, चढणाऱ्याच्या हाताला आधार म्हणून. साखळी 1964 सालची, पाटी पुष्कळ नंतरची. म्हणजे आधी पाहुण्यांची सोय झाली आणि मग कधीतरी यजमानाला बोलू दिले गेले. पर्यटक पाटी वाचत, तिच्याशेजारी फोटो काढून घेत आणि साखळी धरून वर जात. विनंतीच आहे ना, मनाई कुठे आहे, असा सरळ हिशेब.

26 ऑक्टोबर 2019 रोजी तो हिशेब मिटला. चढाई कायमची बंद झाली आणि नंतर साखळीही काढली गेली. निर्णय दोन वर्षे आधी, 1 नोव्हेंबर 2017 रोजीच जाहीर झाला होता. चढू नये असे इथल्या लोकांना वाटते हे एव्हाना जगभर कळले होते. त्याचा परिणाम काय झाला? शेवटच्या महिन्यांत सेल संपत आल्यावर दुकानात उडावी तशी झुंबड उडाली. मुक्कामाच्या जागा भरून गेल्या, लोकांनी परवानगी नसलेल्या जमिनीवर तंबू ठोकले, कचरा टाकून दिला. लाल कातळावर खालपासून वरपर्यंत लागलेली माणसांची रांग जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. इथले आनंगू लोक चढणाऱ्यांना फार पूर्वीपासून मुंग्या म्हणत आले आहेत, ते उगीच नव्हे.

उलुरू म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, सपाट वाळवंटात उभा असलेला वालुकाश्माचा एकच एक अजस्र खडक. जमिनीपासून उंची 348 मीटर, घेर 9.4 किलोमीटर. दगडातल्या लोहाला गंज चढून त्याला तो प्रसिद्ध लाल रंग आला आहे. आतला खडक राखाडी आहे. पिट्जन्जाजारा आणि यांकुनिजाजारा या भाषा बोलणाऱ्या आनंगूंची ही भूमी. 1873 साली विल्यम गॉस हा मोजणीदार तिथे पोचला आणि त्याने दक्षिण ऑस्ट्रेलियातले बडे अधिकारी हेन्री एअर्स यांचे नाव त्या खडकाला देऊन टाकले. ज्यांच्या नावाने ‘एअर्स रॉक’ झाला त्यांचा त्या खडकाशी काडीचा संबंध नव्हता, पण साम्राज्याच्या नकाशावर असेच बारसे होत असे. गॉसने तो चढून पाहिला तेव्हा त्याच्यासोबत कामरान नावाचा ‘अफगाण’ उंटवाला होता. त्या काळी ऑस्ट्रेलियात नेलेले हे उंटवाले अफगाणिस्तानातून येत तसेच पेशावर, बलुचिस्तान, कराची अशा तेव्हाच्या हिंदुस्थानी मुलखांतूनही येत. तेव्हा न विचारता वर चढण्याचा दोष केवळ गोऱ्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येत नाही.

जमीन आनंगूंना परत मिळाली ती 1985 साली, 26 ऑक्टोबरलाच. गव्हर्नर जनरलनी समारंभपूर्वक मालकीचे कागद त्यांच्या हाती दिले आणि त्याच व्यवहारात ती जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारकडे परत आली. त्याआधी 1983 मध्ये बॉब हॉक यांच्या सरकारने चढाई बंद करण्याचे आश्वासन दिले होते. कागदावर सह्या होईपर्यंत ते गळून पडले. मालकी तुमची, वापर आमचा, असा हा तोडगा. उद्यानाच्या मंडळावर आनंगूंचे बहुमत आहे, बारापैकी आठ सदस्य. तरीही पाहुण्यांना ‘चढू नका’ हे हुकूम म्हणून सांगायला त्यांना 34 वर्षे लागली. युनेस्कोची गंमत तर आणखी वेगळी. या जागेला जागतिक वारशाचा मान 1987 मध्ये मिळाला तो निसर्गासाठी, आणि संस्कृतीसाठी मिळाला 1994 मध्ये. जगाला आधी दगड दिसला. दगडापाशी राहणारी माणसे दिसायला सात वर्षे गेली.

एक गोष्ट पर्यटकांच्या बाजूने सांगायला हवी. नव्वदच्या दशकात इथे येणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक वर चढत. 2015 पर्यंत हे प्रमाण 16 टक्क्यांच्या आसपास उतरले होते. चढणाऱ्यांचे प्रमाण 20 टक्क्यांखाली गेले तर चढाई बंद करता येईल, अशी तरतूद उद्यानाच्या आराखड्यात होती आणि तिचाच आधार घेऊन मंडळाने निर्णय केला. पाटीवरची विनंती अगदीच वाया गेली नव्हती. बहुतेकांनी ती ऐकली. अखेरीस बंदी घालावी लागली ती ऐकूनही न ऐकणाऱ्या मूठभरांसाठी.

आता चढू नये ते का? आनंगू याचे जे कारण सांगतात ते ऐकून आपल्याकडचा वाचक चकित होईल. त्यात देवाचा कोप नाही, विटाळ नाही. जुकुर्पा म्हणजे त्यांचा धर्म, कायदा, इतिहास आणि भूगोल या सगळ्याचे एकत्र नाव. त्यात माला नावाच्या पूर्वजांची कथा आहे. माला ही सशाएवढी छोटी वॉलबी. हे माला पूर्वज उत्तरेकडून विधीसाठी उलुरूपाशी आले, विधीचा खांब रोवायला त्यांचे पुरुष वर चढले आणि सोहळा सुरू झाला. तेवढ्यात पश्चिमेकडून दुसऱ्या विधीचे आमंत्रण घेऊन दोघे आले. सुरू झालेला विधी मधे सोडता येत नाही, म्हणून मालांनी नकार दिला. अपमान झालेल्या त्या लोकांनी सूड म्हणून एक राक्षसी कुत्रा धाडला, त्याने मालांची दाणादाण उडवली, काहींना मारले, उरलेले दक्षिणेकडे पळाले. पर्यटकांची साखळी नेमकी ज्या धारेवरून वर गेली होती ती त्या माला पुरुषांची वाट. ती वाट चालण्याचा ज्यांना अधिकार आहे तेही ऊठसूट वर जात नाहीत.

दुसरे कारण यजमानपणाचे. आपल्या भूमीवर आलेल्या माणसाचे बरेवाईट हे आपल्या अंगावर, असे आनंगू मानतात. विसाव्या शतकाच्या मध्यापासून या चढाईत किमान 37 जण मेले, काही घसरून आणि बरेचसे उन्हात हृदय बंद पडून. प्रत्येक मृत्यूनंतर आनंगू शोक पाळत. ज्याने आपले म्हणणे धुडकावले त्याच्यासाठी रडायचे, असा हा प्रकार होता. वर शौचालय नव्हते हेही विसरू नये. लोक वर जे करून येत ते पुढच्या पावसात धुऊन पायथ्याच्या पाणवठ्यात उतरे. ज्या पाणवठ्यांच्या आधाराने या वाळवंटात हजारो वर्षे माणूस जगला, त्या पाणवठ्यांत.

बंदीला विरोध करणाऱ्या ऑस्ट्रेलियन राजकारणी पॉलीन हॅन्सन यांनी 2019 मध्ये युक्तिवाद केला होता की उद्या लोक बुडतात म्हणून बाँडाय किनाराही बंद कराल काय. मग त्या स्वतः उलुरूवर चढायला गेल्या, थोड्या अंतरावर अडकल्या आणि खाली आल्यावर त्यांना म्हणे आनंगूंचे म्हणणे पटले. पाय लटपटल्यावर पटले ते ठीकच, पण त्यांचा प्रश्न त्यांच्याएवढा भोळा नसलेले पुष्कळ लोक आजही विचारतात. जागा सगळ्यांची, निसर्ग सगळ्यांचा, मग एका जमातीच्या श्रद्धेने इतरांचे पाय का बांधावेत?

मराठी माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. गड दिसला की चढायचा आणि देव उंचावर असेल तर पायऱ्या मोजत जायचे, ही आपली रीत खरी. जेजुरी, वणी, कळसूबाई, सगळीकडे चढण्यात पुण्य. पण कैलासाला जाणारा एकही मराठी यात्रेकरू आपल्याला शिखरावर का जाऊ देत नाहीत म्हणून भांडताना कुणी पाहिलेला नाही. तिथे परिक्रमा असते, साधारण बावन्न किलोमीटरची. दम्याचा पंप खिशात ठेवून माणसे ती करतात आणि पुरते समाधान घेऊन परततात. कैलासावर आजवर कुणी चढल्याची नोंद नाही. राइनहोल्ड मेसनरसारख्या गिर्यारोहकाला 1985 मध्ये संधी चालून आली असता त्याने नकार दिला. आपल्या देवाच्या बाबतीत आपल्याला एवढे सहज कळते. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र कारणे हवीत, तीही आपल्याला पटणारी.

तरीही चढाईचा विषय आता कायद्याने मिटला आहे, आणि ज्याला दंडाची भीती आहे तो आदर करतो असे म्हणता येत नाही. पाहुण्याची परीक्षा आता पायथ्याला आहे.

पायथ्याभोवती साधारण दहा किलोमीटरची पायवाट आहे. तिच्यावर ठिकठिकाणी लहान पाट्या आहेत: इथून पुढे अमुक ठिकाणापर्यंत फोटो काढू नका. कातळात काही विशेष दिसत नाही. एक भेग, एक गुहेसारखी खोबण, ओघळांचे काळे पट्टे. पर्यटकाचा मोबाइल अशा वेळी हमखास वर होतो, कारण ‘नको’ म्हटलेली गोष्ट पाहिल्याशिवाय राहवत नाही. इथे कारण माहीत असले तर बरे. खडकाची प्रत्येक खूण हा आनंगूंसाठी मजकूर आहे आणि तो त्याच जागी, अधिकारी माणसाकडूनच कळावा असा संकेत आहे. काही जागा फक्त पुरुषांच्या, काही फक्त स्त्रियांच्या. स्त्रियांच्या जागेकडे आनंगू पुरुष पाहत नाही, आणि पुरुषांच्या जागेकडे स्त्री. फोटो हे बंधन मोडतो. पुण्यात बसून तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकलेले चित्र ज्याने पाहू नये त्याच्याही हातातल्या पडद्यावर जाऊन पडते. ड्रोन तर उद्यानात परवानगीशिवाय उडवताच येत नाही, आणि तरी तो बॅगेत घालून नेणारे आहेतच.

मुटिजुलू पाणवठ्याच्या वाटेवर एका गुहेच्या छतावर आणि भिंतीवर जुनी चित्रे आहेत: वर्तुळात वर्तुळे, पावलांच्या खुणा, पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या मातीचे रंग. नीट पाहिले तर काही भाग पुसट आणि फराटे ओढल्यासारखे दिसतात. पर्यटनाच्या सुरुवातीच्या काळात वाटाडे त्या चित्रांवर पाणी मारत. ओले झाले की रंग उठून दिसत आणि गिऱ्हाइकाचा फोटो चांगला येई. कुणालाच त्यात वाईट हेतू नव्हता. चित्र मात्र गेले.

वाईट हेतू नसतानाच होणारा दुसरा प्रकार म्हणजे खडे उचलणे. लाल मातीची चिमूट, एखादा दगड, आठवण म्हणून खिशात. उद्यानाच्या कार्यालयात जगभरातून पार्सले येतात, आत दगड आणि सोबत चिठ्ठी: क्षमा करा, मी हा नेला होता. कुणी लिहितो की तेव्हापासून घरात आजारपण लागले, कुणाला नुसतीच रुखरुख. कर्मचाऱ्यांनी या पत्रांची क्षमायाचनेची वहीच केली आहे. परत आलेला दगड पुन्हा पायथ्याला टाकून देता येत नाही. तो नेमका कुठला, सोबत परक्या मातीतले रोगजंतू किंवा बी आले नाही ना, असे प्रश्न असतात. नर्मदेतला गोटा आणून देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या आपल्या माणसाला दगड उचलणे हे भक्तीचेच काम वाटते. इथे ती भक्ती नको आहे.

माझा खरा आक्षेप मात्र आणखी एका वर्गावर आहे, आणि तो स्वतःला सर्वांत संवेदनशील समजतो. चढणार नाही, कचरा करणार नाही, दगड उचलणार नाही. पण या वर्गाला सगळे कळायला हवे असते. या भेगेची गोष्ट काय? तिथे विधी कसला होतो? बायकांच्या जागेत काय असते? वाटाड्या हसून गप्प राहिला की हे लोक नाराज होतात, काही तर इंटरनेटवर जाऊन जुन्या मानववंशशास्त्रज्ञांनी नोंदवलेले शोधून काढतात. दुसऱ्या टोकाला, डोळे मिटून खडकाला तळवे लावून ‘ऊर्जा’ जाणवल्याचे सांगणारेही याच घोळक्यात. पाहुण्यांना ज्या कथा सांगितल्या जातात त्या आनंगू मुलांना सांगतात तेवढ्याच असतात. पुढचे ज्ञान वयाने, दीक्षेने, नात्याने मिळते, आणि प्रत्येक आनंगूलाही सगळे मिळत नाही. विमानाचे तिकीट आणि उद्यानाचा पास काढल्याने ते मिळावे ही अपेक्षा म्हणजे साखळीशिवायची चढाईच. अर्धवट कळण्यावर समाधान मानणे सुशिक्षित माणसाला फार जड जाते. उलुरूला जायचे तर ते जमवायला हवे. मला तरी ‘हे तुम्हाला सांगण्याजोगे नाही’ या उत्तरात उद्धटपणा दिसत नाही. घरातल्या चार गोष्टी पाहुण्याला सांगू नयेत, हे कुठल्या घरात कळत नाही?

पैशाचा भाग थोडक्यात. उद्यानाच्या प्रवेशशुल्कातला एक हिस्सा आनंगूंना जातो. तिथल्या सांस्कृतिक केंद्रात मारुकू आर्ट्स ही आनंगूंच्याच मालकीची संस्था त्यांची ठिपक्यांची चित्रे आणि कोरीव लाकडी वस्तू विकते, कलाकाराच्या नावासह. याउलट सिडनी-मेलबर्नच्या स्मृतिचिन्हांच्या दुकानांत स्वस्तात मिळणाऱ्या बूमरँगांविषयी सावध राहावे. 2019 मध्ये एका कंपनीला तिथल्या फेडरल न्यायालयाने 23 लाख डॉलरचा दंड केला, कारण आदिवासी कलाकारांनी रंगवल्याचा आभास करून विकलेला तिचा माल इंडोनेशियात बनला होता. खडकाजवळच मुटिजुलू नावाची आनंगूंची वस्ती आहे. ती पाहण्याची जागा नाही, लोकांची घरे आहेत. परवान्याशिवाय तिकडे जाता येत नाही. आणि वाटेत भेटलेल्या आनंगू बाईचा न विचारता फोटो काढू नये, हे खरे तर लिहावे लागू नये.

या सगळ्यावर कुणी म्हणेल की एवढे नियम पाळून पर्यटकानेच का जपावे, तो देश तरी त्यांना किती जपतो? प्रश्न रास्त आहे. मे 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाभरच्या आदिवासी प्रतिनिधींनी उलुरूपाशी जमून आपल्याला राज्यघटनेत एक आवाज द्या, अशी मागणी केली. ऑक्टोबर 2023 मध्ये तिच्यावर सार्वमत झाले आणि सुमारे 60 टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले. त्या देशाच्या पर्यटनाच्या जाहिरातींत मात्र उलुरू हमखास असतो. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर हा लाकोटांसह अनेक जमातींना पवित्र असलेला सुळका आहे. जून महिन्यात, त्यांच्या विधींच्या काळात, चढू नका अशी तिथे 1995 पासून नुसती विनंती आहे आणि अजून ती विनंतीच आहे. सरकारांच्या चालीने पाहुण्याने चालायचे ठरवले तर त्याला फार थांबावे लागेल.

मुलाकडे मेलबर्नला किंवा लेकीकडे सिडनीला गेलेल्या आई-वडिलांच्या सहलीत हल्ली उलुरू असतो. सहल कंपन्यांचा कार्यक्रम ठरलेला: दुपारी विमानाने उतरा, संध्याकाळी गाडीतळावरून हातात पेला घेऊन रंग बदलणारा खडक पाहा, पहाटे तोच दुसऱ्या बाजूने पाहा, आणि दुपारच्या विमानाने परत. उद्यानाचा पास तीन दिवसांचा असतो. म्हणून नोंदणी करण्याआधीच कंपनीला विचारा, सांस्कृतिक केंद्राला वेळ ठेवला आहे का, आनंगू वाटाड्यासोबत पायथ्याची चाल कार्यक्रमात आहे का. नसेल तर ती घालायला लावा, आणि उन्हाळ्यात जात असाल तर पहाटेच निघा. अकराच्या आत चाल संपवा असे उद्यानच सांगते.